पवारसाहेबांनी संसदेत कशाला हो म्हटलं आणि कशाला नाही, हे शोधायचं कसं?

प्रश्न असा आलाय: "सर, मी मुंबईत पॉलिटिकल सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी शरद पवारांचा संसदेतला व्होटिंग रेकॉर्ड हवाय, म्हणजे कुठल्या विधेयकाला हो, कुठल्याला नाही, असा तक्ता. ब्रिटनच्या खासदारांचा एका क्लिकवर मिळतो. आपल्याकडे हजेरी मिळाली, विचारलेले प्रश्न मिळाले, मतदान मात्र कुठेच सापडत नाही. कुठे मिळेल?"

अरे बाबा, तयार तक्ता कुठेच मिळणार नाही. कोणी लपवून ठेवलाय म्हणून नाही, तो कधी बनलेलाच नाही. मी वीसेक वर्षं एका मराठी पेपरसाठी संसद कव्हर केली, अधिवेशन असलं की दिल्ली आणि नसलं की नरिमन पॉइंटला विधान भवन, आणि दर वर्षी-दोन वर्षांनी कोणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं आणि मी हेच सांगतो, की तू बसून तक्ता बनवलास तरी त्यातली बहुतेक घरं रिकामी राहणार आहेत, आणि ती रिकामी का राहिली हे लिहिलंस तर तोच तुझा प्रोजेक्ट.

आधी मत पडतं कसं ते बघ. टीव्हीवर बघितलं असशील, अध्यक्ष म्हणतात जे बाजूने आहेत त्यांनी हो म्हणा, एक गलका होतो, जे विरोधात आहेत त्यांनी नाही म्हणा, दुसरा गलका होतो, आणि मग हो म्हणणारे जिंकले असं जाहीर होऊन पुढचा विषय सुरू. हे आवाजी मतदान. आपल्याकडची बहुतेक विधेयकं अशीच पास होतात. यात कोण काय ओरडला याची नोंद कुठेही राहत नाही, सभागृहात किती जण होते याचीही नाही, कामकाजात फक्त 'प्रस्ताव संमत' एवढं येतं. म्हणजे पवार त्या दिवशी बाकावर बसले होते का, बसले असतील तर हो म्हणाले का गप्प राहिले, हे देवालाच ठाऊक.

नावानिशी नोंद व्हायची तर कोणीतरी अध्यक्षांच्या निकालाला हरकत घेऊन मतविभाजन मागायला लागतं. मागितलं की लॉबी रिकामी करा म्हणून आदेश निघतो, बेल वाजायला लागते, साडेतीन मिनिटं जातात आणि तेवढ्यात कँटीनपासून सेंट्रल हॉलपर्यंत सांडलेले खासदार पळत येतात, मग दारं बंद आणि पुन्हा तोच प्रश्न. तरीही हरकत कायम राहिली तर बटणं दाबायची. पण लोकसभेच्या नियम ३६७ मध्ये एक बारीक कलम आहे जे विद्यार्थी सोड, निम्म्या पत्रकारांनी वाचलेलं नसतं. अध्यक्षांना वाटलं की उगाच मतविभाजन मागतायत, तर ते दोन्ही बाजूच्या लोकांना जागेवर उभं राहायला सांगून नुसती डोकी मोजू शकतात, आणि अशा वेळी नावं नोंदवली जात नाहीत. नियमातच तसं लिहिलंय. त्यामुळे 'शिरगणती झाली' अशी बातमी सापडली म्हणून खूश होऊ नकोस, आकडा मिळेल, नावं नाही.

घटनादुरुस्ती असेल तर मात्र तुझी चांदी. कलम ३६८ ला एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं आणि शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन-तृतीयांश, त्यामुळे तिथे मोजल्याशिवाय सुटकाच नाही. सुरुवात तिथूनच कर. दुसरं म्हणजे विश्वास-अविश्वास ठराव, पण तिथेही गृहीत धरू नकोस, ऑगस्ट २०२३ चा मोदी सरकारवरचा अविश्वास ठराव शेवटी आवाजी मतदानाने फेटाळला गेला कारण विरोधक आधीच सभात्याग करून गेले होते. तिसरं, लोकसभेत नियम १८४ खाली झालेल्या चर्चा. १८४ खालच्या चर्चेनंतर मतदान होतं, १९३ खालच्या चर्चेनंतर होत नाही, म्हणूनच दर अधिवेशनात या दोन आकड्यांवरून हाणामारी चालते आणि बाहेरच्या माणसाला वाटतं हे लोक नंबरावरून काय भांडतायत. गुजरात दंगलीवरची २००२ ची चर्चा १८४ खाली झाली, ठराव १८२ विरुद्ध २७६ ने पडला. किरकोळ व्यापारातल्या परकीय गुंतवणुकीवरची डिसेंबर २०१२ ची पण १८४ खालीच, २१८ विरुद्ध २५३.

याद्या असतात कुठे? लोकसभा आणि राज्यसभेच्या चर्चांच्या छापील वृत्तांतात, आता संसदेच्या डिजिटल लायब्ररीत पीडीएफ आहेत. तारीख माहीत पाहिजे, नुसतं 'पवार' टाकून सर्च केलंस तर काही हाती लागत नाही, आणि जुन्या स्कॅनमध्ये तर सर्च चालतच नाही, पानं उलटत जायचं. मी पहिल्यांदा हे काम केलं ते फोर्टातल्या एका लायब्ररीत जाडजूड खंड उघडून, वर पंखा फिरतोय, कोपराने पान दाबून धरलंय आणि वहीत नावं उतरवतोय असं. यादीत आडनाव आधी येतं, इंग्रजी वर्णक्रमाने, त्यामुळे दहा पवार असतील तर 'पवार, श्री शरद' नीट बघून घे. काही नावांपुढे फुली किंवा चांदणी असते आणि पानाच्या तळाशी लिहिलेलं असतं की यांनी चिठ्ठीने मत दिलं किंवा यांनी चिठ्ठीने मत दुरुस्त केलं. तळाची ही ओळ वाचल्याशिवाय एकही घर भरायचं नाही.

हे मी का सांगतोय तर माझा हात पोळलाय. जुन्या सभागृहात प्रत्येक बाकावर हो, नाही आणि तटस्थ अशी तीन बटणं, पण नुसतं बटण दाबून भागत नसे, दुसऱ्या हाताने आणखी एक स्विच त्याच वेळी दाबायचा आणि घंटा पुन्हा वाजेपर्यंत दोन्ही दाबून धरायचे. नवखे खासदार हमखास चुकायचे, काही मुरलेलेही. बोर्डावर हिरवा, लाल, पिवळा दिवा लागायचा. एकदा मी गॅलरीतून बोर्ड बघून लिहून टाकलं की आपल्याकडच्या अमुक खासदाराने स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत दिलं. रात्री साडेअकराला फोन. पलीकडून शिव्या नाहीत, नुसता थकलेला आवाज, 'अहो, बोट चुकलं हो, लगेच चिठ्ठी दिलीये मी.' दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा छापावा लागला. तेव्हापासून पीठासीन अधिकारी आकडा वाचताना 'दुरुस्तीच्या अधीन राहून' म्हणतात ना, ते माझ्या कानात वेगळंच वाजतं. नव्या इमारतीतही हेच, डिसेंबर २०२४ मध्ये एक देश एक निवडणूक विधेयक मांडताना तिथे पहिल्यांदा इलेक्ट्रॉनिक मतदान झालं, तरी बरीच मतं चिठ्ठीने आली आणि शेवटचा आकडा २६९ विरुद्ध १९८ झाला. तासाभरात मोबाइलवर आलेला आकडा हा शेवटचा आकडा नसतो.

आता पवारांकडे येऊ. त्यांची संसदेतली कारकीर्द सलग नाही, तुकड्यातुकड्यांची आहे, आणि हे आधी कागदावर मांडलं नाहीस तर गोंधळशील. १९६७ पासून विधानसभा. १९८४ च्या निवडणुकीत बारामतीतून लोकसभेवर, तेव्हा ते समाजवादी काँग्रेसमध्ये होते, काही महिन्यांतच १९८५ मध्ये परत विधानसभेत. मग १९९१ ला नरसिंह राव सरकारात संरक्षणमंत्री, अजित पवारांनी मोकळ्या केलेल्या बारामतीतून पोटनिवडणुकीने लोकसभेत, मार्च १९९३ मध्ये बॉम्बस्फोटांच्या आठवडाभर आधी परत मुंबईत मुख्यमंत्री. १९९६ पासून पुन्हा लोकसभा, ९८-९९ मध्ये विरोधी पक्षनेते, २००४ ते २०१४ कृषिमंत्री, मध्ये २००९ ला बारामती सुप्रियाताईंना देऊन स्वतः माढा, आणि २०१४ पासून राज्यसभा.

यातली दहा वर्षं कृषिमंत्रिपदाची. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत, विरोधी पक्षनेताही करत नाही, आणि मंत्री प्रश्न विचारत नाही तर उत्तरं देतो. त्यामुळे ज्या वेबसाइटवरून तू हजेरी आणि प्रश्न काढलेस तिथे या काळात घरं कोरी दिसणार. दर निवडणुकीला कोणीतरी व्हॉट्सअॅपवर फिरवतं, 'अमक्या नेत्याने पाच वर्षांत शून्य प्रश्न विचारले', आणि तो माणूस पाचही वर्षं मंत्री असतो. तसं मंत्र्याचं मतही मत म्हणून मोजण्यात फार अर्थ नाही, मंत्रिमंडळाची जबाबदारी सामुदायिक, विरोधात बटण दाबायचं तर आधी राजीनामा द्यावा लागतो. म्हणजे २००४ ते १४ मधल्या प्रत्येक यादीत नाव सापडलं तरी ते सरकारचं मत, माणसाचं नाही.

आणि बाकीच्या वर्षांचं काय, तर तिथे व्हीप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश. हा भाग जरा सावकाश वाच, कारण ब्रिटनशी तुलना इथे मोडते. पक्षांतरबंदी म्हणजे दहावं परिशिष्ट, बावन्नावी घटनादुरुस्ती, जानेवारी १९८५ च्या अखेरीस दोन्ही सभागृहांनी पास केली. आता वरची तारीख बघ, पवार लोकसभेत पहिल्यांदा निवडून आले डिसेंबर १९८४ मध्ये. म्हणजे त्यांची संसदेतली जवळजवळ अख्खी कारकीर्द व्हीपच्या सावलीतली आहे. या कायद्याने पक्षाचा आदेश मोडून मत दिलं, किंवा आदेश असताना पूर्वपरवानगीशिवाय मतदानाला गेलं नाही, आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर खासदारकी जाऊ शकते. ब्रिटनमध्ये व्हीप मोडला तर पक्ष रुसतो, फार तर पक्षातून काढतो, खुर्ची शाबूत राहते, म्हणून तिथल्या खासदाराच्या रेकॉर्डमधून माणूस दिसतो. आपल्याकडे साध्या विधेयकालासुद्धा व्हीप निघतो. १९९२ च्या किहोतो होलोहान निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की असा कडक आदेश सरकार टिकण्या-पडण्याच्या मतदानापुरता किंवा पक्षाच्या मूळ धोरणापुरता असावा, ऐकतो कोण. त्यामुळे साध्या खासदाराचं मत म्हणजे प्रतोदाने, म्हणजे पक्षाच्या वतीने व्हीप काढणाऱ्याने, पाठवलेला मेसेज.

पण पवार साधे खासदार नाहीत ना. १९९९ नंतर पक्ष त्यांचाच, व्हीप काढायचा का नाही हेही तेच ठरवणार. म्हणून पक्षाध्यक्षाच्या बाबतीत स्वतःचं बटण हा दुय्यम पुरावा. त्याने बाकीच्यांना काय करायला लावलं, आणि मतदानाच्या वेळी तो स्वतः कुठे होता, हे बघ.

१७ एप्रिल १९९९ घे. वाजपेयी सरकार एका मताने पडलं, २६९ विरुद्ध २७०. सगळ्यांना गिरिधर गमांग आठवतात, ओडिशाचे मुख्यमंत्री होऊनही लोकसभेचा राजीनामा दिलेला नव्हता, अध्यक्ष बालयोगींनी निर्णय त्यांच्या सद्सद्विवेकावर सोडला, त्यांनी विरोधात मत दिलं. नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ पक्षाचा आदेश मोडून विरोधात गेले, पक्षाने काढून टाकलं. मायावतींच्या बसपने शेवटच्या क्षणी विरोधात मतं टाकली. या सगळ्यात विरोधी पक्षनेते कोण, तर शरद पवार. तक्त्यात तुला त्यांच्या नावासमोर फक्त 'विरोधात' एवढा शब्द मिळेल, गमांगांच्या नावासमोर पण तोच शब्द. एकाने स्वतःचं एक मत टाकलं आणि दुसरा अख्ख्या बाजूचा नेता होता, हा फरक यादीत छापत नाहीत. आणि गंमत पुढे आहे. हे सरकार पाडून सोनिया गांधींचं सरकार यायचं होतं, त्या राष्ट्रपती भवनाबाहेर २७२ चा आकडा सांगून बसल्या, तो जमला नाही, आणि महिन्याभरात पवार, संगमा आणि तारिक अन्वर यांनी सोनियांच्या विदेशी मुळाचा मुद्दा काढला, काँग्रेसने तिघांना काढलं, १० जूनला राष्ट्रवादी स्थापन. एप्रिलचं मत आणि जूनचा पक्ष, दोन्ही एकाच माणसाचे. फक्त एप्रिलची यादी वाचून त्या माणसाचं राजकारण कळलं असं कोणी म्हणत असेल तर त्याला चहा पाजून घरी पाठव.

गैरहजेरीचं घर सगळ्यात अवघड. ३० जुलै २०१९, तिहेरी तलाक विधेयक राज्यसभेत ९९ विरुद्ध ८४ ने पास झालं. राष्ट्रवादीचा विधेयकाला विरोध होता, पण मतदानाच्या वेळी पवार आणि प्रफुल्ल पटेल दोघेही सभागृहात नव्हते. जदयू आणि अण्णाद्रमुकने सभात्याग केला, बाकीही बरेच गैरहजर. साधं विधेयक हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने पास होतं, त्यामुळे विरोधातला माणूस बाहेर राहिला की बाजूच्या माणसाचं ओझं तेवढं हलकं होतं. दिल्लीत याला फ्लोअर मॅनेजमेंट म्हणतात. म्हणून 'गैरहजर' हे कोरं घर समजू नकोस. पण लगेच उडी मारून 'म्हणजे आतून पाठिंबा होता' असंही लिहू नकोस, तब्येत असते, विमान असतं, कधी नुसता हिशेब असतो की आपण दोघं गेलो तरी आकडा फिरत नाही.

याच्या पुढच्या वर्षी बघ. २० सप्टेंबर २०२०, कृषी विधेयकं राज्यसभेत. विरोधक मतविभाजन मागत होते, उपसभापती हरिवंश यांनी आवाजी मतदानाने पास झाल्याचं जाहीर केलं, माईक-कागदांची ओढाताण झाली, दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित. पवार त्या दिवशी दिल्लीत नव्हते. मराठा आरक्षणाला ९ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाची स्थगिती आलेली, त्याच्या बैठकांसाठी मुंबईत थांबलो असं त्यांनीच सांगितलं, आणि २२ तारखेला निलंबित खासदारांसाठी इथे मुंबईत बसून एक दिवस अन्नत्याग केला. आता दहा वर्षं कृषिमंत्री राहिलेल्या माणसाचं, या पिढीतल्या सगळ्यात गाजलेल्या शेती कायद्यांवरचं मत तुझ्या तक्त्यात काय लिहिशील? 'हो' नाही, 'नाही' नाही, 'गैरहजर'ही धड नाही, कारण नावानिशी मतदान झालंच नाही. तिथे लिही, 'आवाजी मतदान, नोंद नाही'. आणि शेजारी उपासाची तारीख.

गैरहजेरीवरून आठवलं, आपले मधु दंडवते. राजापूरचे खासदार, १९७१ पासून सलग पाच वेळा. ऑगस्ट १९७५ मध्ये एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती, म्हणजे पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या हाताबाहेर काढणारी, ७ तारखेला लोकसभेत आणि ८ तारखेला राज्यसभेत पास झाली. कोणी आज कॉम्प्युटरला सांगितलं की दंडवत्यांची मतं मोज, तर कॉम्प्युटर म्हणेल गैरहजर. दंडवते तेव्हा आणीबाणीत अटकेत होते, वाजपेयी आणि अडवाणी पण. कारण न लिहिता गैरहजेरी मोजणारे तक्ते दिसले की माझं डोकं फिरतं ते यामुळे.

मग शुद्ध मत, म्हणजे खरोखर त्या माणसाचं, कुठे सापडतं? तर एकट्या खासदाराच्या पक्षात. मला या सगळ्या काळातलं सगळ्यात बोलकं मत विचारशील तर ९ मार्च २०१०, महिला आरक्षण विधेयक, राज्यसभा, १८६ विरुद्ध १. तो एक म्हणजे शरद जोशी. शेतकरी संघटनेचे, स्वतंत्र भारत पक्षाचे नेते, आपल्या महाराष्ट्रातून गेलेले. नुसता आकडा बघितला तर वाटेल बायकांच्या विरोधातला म्हातारा. पण याच माणसाने १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं एवढं मोठं अधिवेशन भरवलं होतं, लक्ष्मीमुक्ती म्हणून बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची मोहीम चालवली होती. त्यांचा आक्षेप पद्धतीला होता, दर निवडणुकीला राखीव मतदारसंघ फिरत राहिला तर निवडून आलेली बाई त्या मतदारसंघात परत उभी राहीलच याची खात्री नाही, मग ती तिथे काम कशाला रुजवेल. पटो न पटो, आजूबाजूला मार्शल उभे असताना, सगळं सभागृह एकीकडे असताना बटण दाबणं यात व्हीप नव्हता, हिशेबही नव्हता, एका मताने काही फिरणार नव्हतं. बरं, त्या विधेयकाला सभागृहाबाहेरून आणि वेलमधून, म्हणजे अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेतून, विरोध करणारे कितीतरी होते, पण विरोध केला आणि 'विरोधात' अशी नोंदही करून गेला असा एकच. तेरा वर्षांनी, २० सप्टेंबर २०२३ ला लोकसभेत ४५४ विरुद्ध २, ते दोघे एमआयएमचे, अध्यक्ष ओवैसी स्वतः आणि आपल्या औरंगाबादचे, म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे, इम्तियाज जलील, मागणी ओबीसी आणि मुस्लिम महिलांच्या कोट्याची. आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य, जोशींच्या जागी कोणीच नव्हतं. पवारांवर प्रोजेक्ट करतोयस ते ठीक, पण माझं ऐकशील तर दोन शरद शेजारीशेजारी ठेव, एक ज्याचं मत व्हीप आणि हिशेबातून वाचायला लागतं आणि एक ज्याचं मत नुसतं वाचता येतं.

मुंबईत बसून हा विषय करायचा तर आणखी एक भानगड आहेच, इथल्या सगळ्यात मोठ्या पक्षनेत्याला रेकॉर्डच नाही. बाळासाहेब कधी कुठली निवडणूकच लढले नाहीत, उद्धव ठाकरे २०२० मध्ये विधान परिषदेवर गेले, संसदेत कधी नाही. म्हणून काय शिवसेनेने संसदेत मत दिलं नाही? ते दिल्लीला न जाता मातोश्रीवर ठरायचं. जुलै २०१८ च्या अविश्वास ठरावात, १२६ विरुद्ध ३२५, सेनेचे १८ खासदार आणि केंद्रात मंत्रिपद असूनही सेना मतदानालाच गेली नाही. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाला लोकसभेत बाजूने मत, ३११ विरुद्ध ८०, आणि दोन दिवसांनी राज्यसभेत त्याच विधेयकावर सभात्याग, आणि इथे मुंबईत काँग्रेसबरोबरचं सरकार या दोन्हीच्या आधीच बसलेलं होतं. हे मत कोणाच्या नावावर लिहायचं? व्हीप शेवटी कोणाचा हा प्रश्न तर २०२२ च्या फुटीनंतर कोर्टात गेला, ठाकरे गटाच्या सुनील प्रभूंचा खरा का शिंदे गटाच्या भरत गोगावलेंचा, आणि ११ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रतोद नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही. म्हणजे सभागृहात पाऊल न ठेवलेला पक्षप्रमुख आतल्यांच्या मताचा मालक, हे आता कोर्टाच्या कागदावर आहे.

आणि आवाजी मतदानाचा खरा उपयोग बघायचा असेल तर दिल्लीलाही जायला नको. १२ नोव्हेंबर २०१४, विधान भवन. फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव. बहुमताला १४५ पाहिजेत, भाजपचे १२२ निवडून आलेले, निकालाच्या दिवशीच राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा देऊ असं सांगून ठेवलेलं. सेना आणि काँग्रेस मतविभाजन मागत राहिले, अध्यक्ष हरिभाऊ बागडे यांनी आवाजी मतदानाने ठराव संमत जाहीर केला. मी बाहेर पायऱ्यांवर होतो, आतून गोंगाट ऐकू येत होता. एक जुना आमदार सुपारी कातरत म्हणाला, 'वाचले.' मी विचारलं कोण, सरकार? तो म्हणाला, 'सरकार कसलं, ते ज्यांना हात वर करायला लागला असता ते.' पोल, म्हणजे नावानिशी मतदान, झाला असता तर राष्ट्रवादीच्या ४१ आमदारांचं काय ते कायमचं कागदावर आलं असतं, बाजूने, विरोधात का तटस्थ. तो कागद नाही. पवारांच्या राजकारणावर लिहिणाऱ्या माणसाने ही न झालेली मतविभागणी धरलीच पाहिजे, जरी ती संसदेतली नसली.

तर कामाला लाग. सगळी विधेयकं घेऊ नकोस, जन्म पुरणार नाही. पंधरा-वीस मतदानं निवड, फक्त ती जिथे नावानिशी यादी आहे आणि पवार सभागृहाचे सदस्य होते, मंत्रिपदाच्या दहा वर्षांतली वेगळ्या रंगात. प्रत्येकापुढे मत, पक्षाची जाहीर भूमिका, व्हीप होता का, आणि गैरहजर असतील तर त्या दिवशी कुठे होते हे त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रांतून. 'राष्ट्रवादीने विरोध केला' अशी बातमी सापडली म्हणून पवारांच्या नावापुढे 'विरोधात' लिहिलंस तर तोंडी परीक्षेत मी असतो तर तिथेच नापास केलं असतं. भाषण आणि मत यांची गल्लत नको हेही त्यातच आलं, आपल्या मुंबईच्या जॉर्ज फर्नांडिसांनी जुलै १९७९ मध्ये लोकसभेत मोरारजी सरकारचा जोरदार बचाव केला आणि दोन-तीन दिवसांत पलीकडे गेले, मोरारजींनी मतदानाआधीच राजीनामा दिला, म्हणजे भाषण आहे, मत नाहीच. राष्ट्रपतीपदाची मतदानं धरू नकोस, ती गुप्त असतात आणि तिथे व्हीप चालत नाही.

पहिली यादी १७ एप्रिल १९९९ चीच उघड. पवारांचं नाव सापडलं की बंद करू नकोस, त्याच यादीत रिपब्लिकन पक्षाचे चार नेते शोध, त्या लोकसभेत अकोल्याहून प्रकाश आंबेडकर, मुंबई उत्तर मध्यहून रामदास आठवले, अमरावतीहून रा. सू. गवई आणि चिमूरहून जोगेंद्र कवाडे असे चौघे एकदम होते, आणि फरक एका मताचा होता. पीडीएफ जड आहे, घरच्या वायफायवर उतरवून घे, ट्रेनमध्ये कळव्याच्या पुढे ती उघडायची नाही.